बशीतली गोळी

शिंपीमास्तरांच्या खडूची रेघ कोटाच्या कापडावर वाकडी गेली. चाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. पाठोपाठ डोळ्यांपुढे अंधारी आली, कात्री खणकन पडली आणि मास्तरही फरशीवर कोसळले.

समोर काजं करत बसलेली बायको सुई टाकून धावली. आठ दिवस दोघांचा अबोला होता. कारण दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण माघार घेतील ते मास्तर कसले! तिने त्यांचे पाय कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि घड्याळाकडे बघत नाडी धरली. एक ठोका पडला की पुढचा येतो की नाही, असं मास्तरांनाही वाटत होतं. मिनिटाला अडतीस.

"अहो, प्रेशरच्या गोळ्या किती घेतल्या?"

"दोन. आठ दिवस रोज दोन."

"दोन?"

"रुसल्यावर तू देणार नाहीस, म्हणून उठल्याउठल्या माझी मी घ्यायचो. मग बघतो तर चहाच्या बशीत तू ठेवलेली असायचीच. ती तशीच सोडली असती, तर तुला वाटलं असतं, अजून राग गेला नाही."

तिने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी फोनवर ताबडतोब बोलावलं. गाडीत मास्तरांचे डोळे मिटू लागले, तशी तिने मनगट घट्ट आवळलं.

"आठ दिवसांचं साठलंय ना? बोला सगळं. हवं तर शिव्या द्या. पण आता गप्प बसलात, तर याद राखा!"