तिसरी डबी

“बाई, पोरास्नी वस्तू आना म्हनू नका. गावंल ते उचलून आनतील, अन् मुकादम चोरीचा आळ घील आमच्यावर,” विठाबाई शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. मी हसले. “अहो, पानं आणतील, दगड आणतील. दगडाचा आळ कोण घेतंय?”

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आमची शेवटची खोली. हे स्टेशनात तारबाबू. पाच वर्षांची शरयू एकटी शिकायला बसेना, म्हणून मी रूळ सांभाळणाऱ्या गँगमनांच्या मुलींनाही ओसरीवर बोलावू लागले. विठाबाईचा नवरा गेणू गँगमनच. मला विशेषणं शिकवायची होती, पण तो जड शब्द मी काढलाच नाही. मधोमध एक वस्तू ठेवायची आणि विचारायचं, कशी? किती? कोणती? ‘कशी’ला उत्तर आलं की तो गुण, ‘किती’ला आली ती संख्या, आणि ‘कोणती’ला बोट दाखवून ही, ती, माझी, तुझी. शेवटी दगडाने ती वस्तू वाजवायची. “ऐका, आवाज कसा?” “खणखणीत!” “बद्द!” याच्यासाठीच तर पोरी यायच्या.

त्या सकाळी समोरचा नळसुद्धा धुक्यात दिसत नव्हता. मी शरयूची वेणी घालत होते. विठाबाईच्या चिंगीने ओच्यातून काहीतरी काढून मधोमध ठेवलं.

“कशी आहे, सांग.”

“गोल. चपटी. चकचकीत.”

“रखमा आबाच्या टकलावानी!” मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या खिदळल्या.

“किती आहेत?”

“तीन व्हत्या घरी.”

“शाब्बास. आता वाजवा.”

शरयू माझ्या हातातून वेणी सोडवून पळाली. तिने दगड उचलला तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. तपकिरीच्या डबीएवढी पत्र्याची चकती, दोन बाजूंना शिशाच्या पट्ट्या. धुक्यात सिग्नल दिसत नाही म्हणून गँगमन रुळावर बांधतात तो फटाका. इंजिनाचं चाक त्याच्यावरून गेलं की बार होतो, आणि ड्रायव्हर गाडी आवरतो.

मी तिचं मनगट धरलं. दगड माझ्याच पायावर पडला.

“कुणी हलायचं नाही,” मी म्हणाले. डबी दोन्ही हातांनी उचलून आत गादीवर ठेवली, दाराला कडी घातली, पोरींना नळापाशी उभं केलं आणि चिंगीला घेऊन तिच्या घराकडे धावले.

“बाकीच्या कुठं ठेवल्यात गं?”

“चुलीवर. सुपात.”

विठाबाई भाकरी थापत होती. “विठाबाई, चूल विझवा. फटाके कुठायत?”

तिचा चेहराच पडला. “कसलं फटाकं? आमच्यात न्हाईत.”

चिंगीने वर बोट केलं. चुलीच्या वर, धुरात, टांगलेलं सूप. पावसाळ्यात मावळात घराघरांत असंच असतं. जळणाची फाटी, बोंबील, पोरांचे कपडे, सगळं जाळावर सुकतं. गेणूच्या पेटीत पाणी शिरलं होतं, म्हणून भिजलेले फटाकेही त्याने बोंबलांशेजारी सुकत टाकले होते.

मी हंड्यातलं पाणी चुलीत ओतलं. राख उडाली, भाकरी भिजली.

“वल्ला झाला तर वाजत न्हाई, बाई. न्हाई वाजला तर त्येस्नी घरी बसवतील,” विठाबाई रडायला लागली. “सायबाला सांगू नका. तुमच्या पाया पडते.”

मी सूप खाली घेतलं. त्यात एकच डबी होती.

“दुसरी?”

“येवढीच व्हती,” विठाबाई घाईने म्हणाली.

“आये, बायाला दिली की,” चिंगी म्हणाली.

बाया चिंगीच्या मावशीची मुलगी. दहा वर्षांची, डोंगरातल्या वाडीवरची, महिनाभर इथे होती आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात सर्वांत पुढे बसायची. आदल्याच दिवशी तिचा बाप नथू तिला घेऊन भाताच्या लावणीला खाली सोमाटण्याकडे उतरला होता.

“तिला तितल्या पोरींची शाळा घ्यायची हाय. तुमच्यावानी,” चिंगी कौतुकाने सांगत होती. “कशी, किती, कोनती.” मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. “अन् मंग वाजवायची.”

मी ह्यांना सांगितलं. सांगावंच लागलं. दोन डब्या स्टेशनात जमा झाल्या. गेणूच्या नोकरीचं अजून ठरायचं आहे, पण तो त्यासाठी थांबलाच नाही, तसाच सोमाटण्याला गेला. नथूची लावणीची टोळी तिथून शिरगावला गेली होती. शिरगावाहून त्याचा निरोप आला, टोळी कालच उठली. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. आज हे लिहीपर्यंत गेणू परतलेला नाही. शरयू पाटीवर ‘गोल’ लिहिते आणि माझ्याकडे बघते, मी वर्ग का थांबवला म्हणून.

तुमच्या खाचरात डोंगराकडची माणसं लावणीला आली असतील, तर आजच बांधावर जाऊन बघा. कडेवर भाऊ, भोवती चार पोरी, मधोमध काहीतरी ठेवलेलं, ती बाया. तिला चोर म्हणू नका, दरडावू नका. भ्यायली तर ती डबी लपवील. म्हणा, लोणावळ्याच्या बाईंनी परत मागितली आहे. आणि तिच्या हातात दगड असेल, तर आधी तो काढून घ्या.