दर्भाचा कावळा

धर्मेंद्रने पिंडाची पत्रावळ उचलून वाळूवर आणखी थोडी पुढे ठेवली आणि उलट्या पावली मागे आला. ओलं धोतर पायांना चिकटत होतं, नुकतंच तासलेलं डोकं उन्हात तापत होतं. कन्हानच्या काठावरच्या बाभळीवर कावळे दाटीवाटीने बसले होते. खाली उतरायला मात्र एकही तयार नव्हता.

“मधुकररावचा जीव कशात तरी अडकून आहे,” देवरावकाका म्हणाले. मेलेल्या माणसाचे ते धाकटे भाऊ, त्यामुळे दहाव्याच्या दिवशी घाटावर त्यांच्या शब्दाला वजन होतं.

माणूस गेला की त्याच्या आवडीनिवडी सगळ्यांना पाठ असतात. काकांनी पिंडाशेजारी संत्र्याच्या फोडी ठेवायला लावल्या. सून रितिका गाडीतून खारीचा पुडा घेऊन आली, कारण सासऱ्यांना चहात खारी लागायची. कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. विधी सांगणारे महाराज घड्याळ पाहू लागले. मागे दुसऱ्या एका घरचे लोक आपला पिंड घेऊन ताटकळत उभे होते.

धर्मेंद्रची बहीण श्वेता त्याच्या जवळ आली. त्याचा शर्ट आणि फोन तिनेच धरून ठेवला होता.

“दादा, आईचं बोल.”

“काय बोलू?”

“तुले माहीत आहे.”

त्यालाच काय, घाटावर आलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मधुकररावांनी गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात जन्मभर तागे उलगडले आणि तागे गुंडाळले. त्यांच्या तिथल्या दोन खोल्या विकून शहराबाहेर बेस्याला धर्मेंद्रचं घर उभं राहिलं. आजारपणात एका दुपारी त्यांनी शेजारच्या खोलीतून मुलाला फोनवर बोलताना ऐकलं. वर्धा रोडच्या एका आश्रमात एका बाईसाठी जागा मिळेल का, असं तो विचारत होता. कधीपासून, तर वडील गेल्यानंतर. त्या दुपारनंतर मधुकरराव मुलाशी बोलले नाहीत. पाणीसुद्धा बायकोकडूनच मागायचे.

ती बायको, पंचफुला, आता बायकांच्या घोळक्यात खाली वाळूकडे पाहत बसली होती. आपल्याविषयी बोलणं चाललं आहे हे तिला कळत होतं, पण तिने मान वर केली नाही.

“बोल गा लवकर,” काका म्हणाले. “लोकं खोळंबून राहिले.”

धर्मेंद्रने हात जोडले. एवढ्या लोकांसमोर दुसरं करणार तरी काय?

“बाबा, आईची काळजी करू नका. आईले मी बेस्याले माह्यापाशीच ठेवीन. शेवटपर्यंत सांभाळीन. कुठीच पाठवणार नाही.”

बाभळीवरून कोणी हललं नाही. पण पलीकडच्या विजेच्या खांबावरून एक पक्षी उतरला. त्याचा रंग धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखा पांढरा होता. चोच कावळ्याची, मान तिरपी करण्याची ढब कावळ्याची, रंग तेवढा नव्हता. तो वाळूवर टेकतो न टेकतो तोच बाभळीवरचे दोन काळे कावळे त्याच्या अंगावर धावले. त्याने मान खाली घालून वार चुकवला, तिरप्या उड्या मारत पत्रावळीपर्यंत आला आणि पिंडात चोच घातली.

धर्मेंद्रने श्वेताच्या हातातून फोन ओढून घेतला आणि पटकन फोटो काढला. तेवढ्यात काळ्यांनी पुन्हा झेप घेतली आणि तो भाताचा घास चोचीत धरून नदीवरून उडून गेला.

“शिवला,” महाराज म्हणाले.

पंचफुलाने पदर डोळ्यांना लावला. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. तिचा नवरा जेवला होता. आणि तिलाही आता घर होतं.

“पण तो तं पांढरा होता,” देवरावकाका म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जे दिसलं ते बोलायची त्यांना खोड होती. “कावळा पांढरा असते का गा कुठं?”

धर्मेंद्र वळला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा त्याचा चेहरा उजळला.

“महाराज, शास्त्रात काय आहे? कावळाच शिवला पाहिजे नं?”

“कावळाच.”

“मग हा?”

महाराजांनी मागे ताटकळलेल्या लोकांकडे पाहिलं. “मले तं कावळाच वाटला. पण मनात शंका ठेवू नये. शंका असेल तर दर्भाचा कावळा करून टाकू.”

“शंका आहे, महाराज,” धर्मेंद्र म्हणाला.

महाराजांनी दर्भाच्या काड्या वळून गाठ मारली. तिला ना डोळे होते ना पंख. ती त्यांनी पिंडाला टेकवली, मंत्र म्हटला, आणि कावळा शिवला. गवताचा चालला, हाडामासाचा चालला नाही.

श्वेताने भावाला बाजूला घेतलं.

“दादा, मग तू बोलला ते?”

“कोणाले बोललो? कावळा आलाच नाही नं.” त्याने तिच्या हातातून शर्ट घेतला. “आता लोकांपुढे तमाशा नको करू.”

श्वेताला त्याची शरम वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची. काटोलला तिच्या सासरी दोन खोल्यांत सहा माणसं होती. आईला मी नेते, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

परतताना कामठीजवळ चहासाठी गाडी थांबली. धर्मेंद्र टपरीच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसला. थोड्याच वेळात श्वेताचा फोन वाजला. घरच्या ग्रुपवर फोटो आला होता. तिने तो पाहिला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“काय आहे वं?” पंचफुलाने विचारलं.

“काही नाही, आई.”

“दाखव.”

श्वेताने दाखवला. खालची अक्षरं आईला दिसेनात म्हणून वाचूनही दाखवावी लागली. “कन्हानच्या काठी पांढरा कावळा. अतिशय दुर्मिळ. बाबांच्या दशक्रियेला प्रत्यक्ष दर्शन. आम्ही भाग्यवान.”

“मोठा कर.”

श्वेताने फोटो मोठा केला. पंचफुलाने फोन डोळ्यांजवळ नेला. काळ्या चोचीत भाताची शितं स्वच्छ दिसत होती. बराच वेळ ती त्या शितांकडे पाहत राहिली. मग उठून मुलाच्या बाजूला बाकावर जाऊन बसली.

“धर्मा, हा कावळाच आहे का रे?”

“कावळाच आहे, आई.” तो उत्साहाने तिच्याकडे सरकला. “काही काही पाखरांच्या पिसात रंगच उतरत नाही. जन्मापासूनच. बाकी सगळा कावळाच. लाखात एखादा असते म्हणे. माह्या ऑफिसातले तं...”

तो थांबला. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवरावकाका गरम चहा बशीत ओतून फुंकर घालत बसले, श्वेता रस्त्याकडे पाहू लागली.

“बरं झालं,” पंचफुला म्हणाली. “तुह्या बापाच्या पोटात घास तं गेला.”

तिने चहा संपवला, ग्लास बाकाखाली सरकवला आणि पदर सारखा केला.

“मले कधी जायचं आहे आश्रमात?”

धर्मेंद्रने फोन पालथा घातला. त्या क्षणी तो काहीही म्हणू शकला असता. ती वाट पाहत होती.

“सोमवारी,” तो म्हणाला. “तेरवी झाली की.”

पालथा फोन बाकावर थरथरला. कोणीतरी फोटोला हात जोडले होते.