चंद्र आणि कंदीलवाला

जेवणाच्या सुट्टीत शिवणकारखान्यातल्या मशिनी थांबल्या, तरी कुणी डबा उघडेना. सगळ्याजणी कटिंगच्या टेबलाभोवती जमल्या होत्या. चित्रांचे पत्ते उघडे पसरून पत्तेवाली बाई सांगत होती, “बायांनो, आपण पत्ते निवडत नाही, पत्ते आपल्याला बोलावतात! पहिला अडचण सांगतो, दुसरा वाट दाखवतो.” नोकरी, लग्न, सासूचा राग, सगळ्याला दोन पत्ते पुरत. चहा प्यावा की नको, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

मी तिथे कामाला असलेल्या वहिनीला न्यायला आले होते. तिच्या छातीत गाठ लागत होती, म्हणून दवाखान्यात जायचं ठरलं होतं. पण ती गर्दीत घुसली. तिने चंद्राचा पत्ता उचलला, मग कंदीलवाल्या म्हाताऱ्याचा.

“गाठ आहे हो. डॉक्टरकडे जायची भीती वाटते.”

“चंद्र म्हणजे भ्रम. म्हातारा कसा शांत उभा आहे बघ! थांब म्हणतोय. गाठ आपोआप विरेल.”

वहिनीचा चेहरा उजळला. “ऐकलंत ना ताई? आता नको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत विज्ञान शिकवते मी, पण घरी घसा फोडून सांगितलं तरी वहिनी ऐकेना. मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा कारखान्यात गेले, वहिनीला कपड्यांच्या गठ्ठ्यांआड उभं केलं आणि मुद्दाम तेच दोन पत्ते उचलले.

“छातीत गाठ आहे. कधी एकदा डॉक्टरला दाखवते असं झालंय. जाऊ ना?”

बाईने माझा चेहरा न्याहाळला. “जा की! चंद्र म्हणजे आत दडलेलं दुखणं. कंदीलवाला म्हणजे साक्षात वैद्य. आजच जा!”

वहिनी तरातरा बाहेर आली. “काल ह्याच म्हाताऱ्यानं मला थांबायला सांगितलं!”

“प्रत्येकीचं नशीब वेगळं असतं,” बाई पत्ते गोळा करू लागली.

“नशीब नाही, चेहरा वेगळा,” मी म्हणाले. “ती घाबरलेली, तिला थांब म्हणालात. मी उतावीळ, मला जा म्हणालात. ज्याच्या मनात जे, तेच तुम्ही त्याला परत देता.”

कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. दोघीतिघी तरीही बाईच्या मागे गेल्याच.

वहिनी मात्र माझ्याबरोबर दवाखान्यात आली. गाठ साधी नव्हती. ऑपरेशन झालं, उपचार लांबले, पण ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, “आणखी थांबला असतात तर अवघड होतं.”

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? पण भीतीला कौल लावायला सांगू नका. दुखणं अंगात असेल, तर अंग तपासणाऱ्याला विचारा.