एश्रेफच्या मयताची कॉफी

"कोण गेलं रे?" बेकरीच्या दारातून म्हाताऱ्या मुयागाने विचारलं. त्याला एका डोळ्याने मुळीच दिसत नाही आणि दुसऱ्याने फक्त पाव दिसतो.

"मी," एश्रेफ म्हणाला. दातांत चिकटपट्टी धरून तो बेकरीच्या काचेवर हिरव्या कडेचा कागद सरळ लावत होता.

"अल्ला रहमत करो. माणूस चांगला होता का?"

"ठीकच होता."

"दफन कुठं?"

"गावी. बोस्नियाला."

"नशीबवान," मुयागा म्हणाला आणि गरम पाव छातीशी धरून निघून गेला.

आमच्या बेवो भागात कुणी मेलं की असा कागद लागतो. खाटकाकडे, बेकरीत, मशिदीच्या दारावर, केस कापायच्या दुकानात. अमेरिकेत येऊन आम्ही बोस्नियावाल्यांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण मेल्यावर काचेवर लागायचं सोडलं नाही. एश्रेफ चाउशेविच हा फरशीवाला. सेंट लुईसमधल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याच्या हातची फरशी आहे. कामात तो इतका सरळ, की मयताचा कागद लावतानाही त्याने खिशातून पाणसळ काढली आणि बुडबुडा मधोमध आल्यावरच चिकटपट्टी दाबली.

हे सगळं धाकट्या भावासाठी चाललं होतं.

शाचिर आणि एश्रेफ युद्धातून दोघेच उरले. घरातले बाकीचे तिकडच्या एका उतारावर एका रांगेत पुरलेले आहेत. इथे आल्यावर दोघांनी मिळून एश्रेफच्या परसात मांस धुरावायला लाकडी खोली बांधली, आपल्या गावी असते तशी. पहिल्याच थंडीत कुणीतरी दार उघडं ठेवलं. धूर गल्लीत गेला, शेजारच्या बाईने फोन केला, आणि बंब येऊन दोन घरांचं अख्ख्या हिवाळ्याचं मांस पाण्यात भिजवून गेला. बंबवाल्यांचं काही चुकलं नाही. एका पोराला तर त्यांनी टोपीही दिली.

धुरखोलीत सगळ्यांत शेवटी कोण गेलं होतं, यावर भाऊ भांडले. शाचिर म्हणे, तू. एश्रेफ म्हणे, तू. शाचिर तडकून गेला तो गेलाच. घर बदललं, फोन बदलला.

आता आमच्याकडे रीत अशी, की बैरामला, म्हणजे ईदला, धाकट्याने थोरल्याच्या घरी आधी जायचं. थोरला पहिलं पाऊल उचलत नाही. तेव्हा एश्रेफ वाट बघत बसला. दर बैरामला त्याची बायको मुनेवेरा बकलावा मिठाईचं ताट लावायची, दर बैरामला संध्याकाळी ते शेजारी जायचं. शेजारची तीच बाई. तिला बकलावा फार आवडायला लागला.

शेवटी एश्रेफ शोधायला निघाला, पण न विचारता. विचारणं म्हणजे पाऊल उचलणंच की! प्रत्येक कॉफीच्या दुकानात जाऊन तो गप्पांच्या टेबलाशेजारी बसायचा, कुणाच्या तोंडून शाचिरचं नाव निघतंय का ऐकत. आणि एश्रेफ दिसला की लोक शाचिरचं नाव गिळायचे. भांडण सगळ्यांना ठाऊक. उगाच कशाला? सर्बांच्या दुकानात बसून झालं, क्रोएशियन चर्चच्या जत्रेत सॉसेज न खाता उभं राहून झालं, अल्बेनियन पिझ्झावाल्याकडे तर त्याने एक अख्खी फरशी बसवली. शहरातला सगळा बाल्कन त्याला सापडला, एक शाचिर सोडून.

आणि मग एका सकाळी कॉफी ढवळताना त्याला सुचलं.

"सणाला नाही येणार तो. हट्टी आहे. पण मयताला? मयताला वैरीसुद्धा कॉफी आणि साखर घेऊन येतो."

"कुणाच्या मयताला?" मुनेवेराने विचारलं.

"माझ्या."

मुनेवेराने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"अरे माणसा, सरळ कुणाला तरी विचार ना, भाऊ कुठंय म्हणून!"

"मी थोरला आहे."

"मग मर," ती म्हणाली. "पण मी रडणार नाही. मला खोटं रडायला येत नाही."

कागद लागल्याच्या दुपारी माणसं यायला लागली. एश्रेफ परसातल्या धुरखोलीत जाऊन बसला. पालथ्या बादलीवर बसून तो फळ्यांच्या फटीतून फाटक बघत होता. माणसं येत, मुनेवेराला जवळ घेत, कॉफीचं पाकीट आणि साखरेच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवत. मुनेवेरा न रडता बसलेली. बायका आपसात म्हणाल्या, बिचारीचे अश्रूसुद्धा आटले.

गेलेल्याचे जोडे दाराबाहेर ठेवायची रीत. गरजू माणसाने न विचारता घेऊन जायचे. मुनेवेराने एश्रेफचे चांगले जोडे ठेवले, कारण वाईट ठेवले असते तर लोक काय म्हणाले असते. तासाभरात ते गेले. धुरखोलीतून एश्रेफने आपले जोडे दुसऱ्याच्या पायांत फाटकाबाहेर पडताना पाहिले. त्याला ओरडता येईना.

दुसऱ्या दिवशी झुल्फो खाटीक आणि आणखी दोघे सिगारेट ओढायला मागे आले आणि बरोबर धुरखोलीला टेकून उभे राहिले. एश्रेफने श्वास धरला.

"फरशी मात्र अशी बसवायचा," एक जण म्हणाला, "की पाणी ओतलं तर त्याला कळायचं नाही कुठं जायचं."

"पाण्याला कळायलाच पाहिजे, गाढवा. उतार द्यावा लागतो."

"आमच्या न्हाणीघरात दिला नव्हता."

आत एश्रेफने मूठ आवळली. उतार होता. त्याने स्वतः दिला होता.

"चला, सुटला," झुल्फो धूर सोडत म्हणाला. "आता दोघे भाऊ वर भांडतील, दार कुणी उघडं ठेवलं म्हणून."

फळीच्या आत काहीतरी आपटलं. बादली होती.

दार उघडलं. मळका सदरा, केसांत काजळी, पायांत नुसते मोजे, असा एश्रेफ उन्हात उभा राहिला. एक जण किंचाळला. दुसरा किंचाळायचं विसरला आणि कलमा म्हणायला लागला. झुल्फोने फक्त सिगारेट खाली टाकली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "माझी कॉफी! मी चांगल्यातली आणली होती!"

"दोघे म्हणजे?" एश्रेफने विचारलं.

झुल्फो पायाने सिगारेट विझवायला लागला.

"झुल्फो. दोघे म्हणजे?"

"शाचिर गेला, एश्रेफ. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. डे मॉइनला राहत होता, आयोवात. आम्ही चार जण गेलो होतो मातीला."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"आम्हाला वाटलं, तुला कळलंय आणि तू हट्टानं आला नाहीस." झुल्फोने मान खाली घातली. "फार वाईट वाटलं होतं तुझं. पण कोण बोलणार तुला? तू कधी विचारलंस का कुणाला?"

एश्रेफने विचारलं नव्हतं.

"कागद कसा नाही लागला?" तो म्हणाला. "बेवोत एकही कागद नाही? मी तर रोज वाचतो."

"त्यानंच बायकोला सांगून ठेवलं होतं. बेवोत लावू नका म्हणाला. दादा वाचेल, आणि मग त्याला आधी यावं लागेल. तो थोरला आहे, त्याला नाही शोभणार."

मुनेवेरा मागच्या दारात येऊन उभी होती. दोन दिवस तिला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. आतल्या बायका लगबगीने तिला धरायला धावल्या, आणि मेलेल्याला अंगणात उभा पाहून त्यातल्या दोघी परत आत पळाल्या. थोडा गोंधळ झाला. कुणीतरी हसलंही. मग कुणीच हसलं नाही, कारण एश्रेफ त्यांच्यातून वाट काढत घरात गेला आणि टेबलावरची कॉफी गोळा करायला लागला.

"माझं पाकीट मी घेते," एक बाई हळूच म्हणाली. "म्हणजे, आता तसं काही..."

झुल्फोने तिच्याकडे पाहिलं. तिने हात मागे घेतला.

पाकिटं, साखरेचे डबे, सगळं एश्रेफने खोक्यांत भरलं. कडेला कड लावून, मध्ये जागा न सोडता, फरशी बसवावी तसं. झुल्फोने आपली मांसाची गाडी फाटकाशी आणली.

"फाहिरा अजून त्याच घरात आहे ना?" एश्रेफने विचारलं. फाहिरा म्हणजे शाचिरची बायको. "तिच्याकडे जायचंय. आमच्याकडून कुणी गेलेलं नाही."

"अरे, पण जोडे?" मुनेवेरा म्हणाली. "थांब, ते जुने तरी—"

"असू दे."

खोकी गाडीत चढली. एश्रेफ बसता बसता थांबला आणि उलटा फिरला. ओल्या गवतातून मोज्यांनी परसात गेला. धुरखोलीचं दार त्याने ओढून लावलं, कडी घातली, लागली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं. मग येऊन गाडीत बसला.