वादळवीराचा शेवट

वादळवीराचा चौथा आणि शेवटचा सिनेमा आला तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेला, विमा कंपनीतला मॅनेजर होतो. हे आधीच सांगतो, नाहीतर मी आठवीत असेन असं वाटायचं.

आम्हाला रविवारची तिकिटं मिळाली. तोवर कुणी शेवट सांगू नये म्हणून मी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पडलो. कुणी 'वाद...' एवढं म्हटलं, तरी कानांवर हात ठेवून उठायचो. एकदा समोर झोनल साहेब होते आणि ते वादग्रस्त क्लेमबद्दल बोलत होते.

शनिवारी बंगळुरातल्याच येलहंक्याहून माझी थोरली बहीण मालनअक्का आली. तिच्याकडून धोका असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चहा पिता पिता ती माझ्या बायकोला, संयोगिताला म्हणाली, "माझ्या नातीनं, ईरानं, मला तो उडणारा माणूस दाखवला. बिचारा शेवटी मेला की गं. बहिणीला वाचवताना."

मी कप खाली ठेवला. "अक्का, काय केलंस हे?"

"मी काय केलं? तो खरंच मेला."

मी सिनेमाला येणार नाही असं जाहीर केलं. संयोगिता कानडीत "सरी", म्हणजे बरं, "मी एकटी जाते" म्हणाली आणि पेपर वाचू लागली. कुणी समजूतच काढेना, तेव्हा मी मुकाट गेलो.

यशवंतपूरच्या थिएटरात मी हाताची घडी घालून, परीक्षकासारखा बसलो. सुरुवातीलाच वादळवीर बहिणीसाठी डोसा घालतो आणि तो तव्याला चिकटतो. "जग वाचवतोस, एक डोसा वाचवता येईना," ती म्हणते. सगळं थिएटर हसलं. ती पुढे म्हणाली, "पुढच्या रविवारी मी करीन." आणि मला हुंदका फुटला. चांगला मोठ्यानं.

शेजारच्या मुलीनं विचारलं, "अंकल, बरं वाटत नाही का?"

"नाही, त्याची बहीण..." एवढं बोलून मी थांबलो.

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या वाहत्या नाकाकडे. "तो मरतो?"

मी गप्प बसलो, पण माझ्या चेहऱ्याला गप्प बसता येत नाही. तिनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं पलीकडे. मध्यंतरात मी बाहेर निघालो तेव्हा रांगेतल्या एकानंही माझ्यासाठी पाय बाजूला घेतले नाहीत. संयोगिता मात्र दुसऱ्या बाजूनं गेली, माझी ओळख नसल्यासारखी.

नंतरच्या अर्ध्या भागात आमची आख्खी रांग विनोदांना डोळे पुसत होती. आणि मी? शेवटच्या लढाईत मी खुर्चीचे हात घट्ट धरून, तो वाचेल म्हणून वाट बघत होतो. अक्काला एसीत डुलकी लागते. तेवढ्यात काहीतरी घडलं असेल, तिला दिसलं नसेल. असा चांगला सिनेमा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तो मेला.

बाहेर येऊन मी अक्काला फोन लावला. "बघितला."

"मेला ना?"

"मेला."

"मग आवाज का असा? तुला तर ठाऊक होतं."

"तू रडली होतीस, अक्का?"

ती हळूच म्हणाली, "दोन्ही वेळा. ईराला सांगू नकोस, दुसऱ्यांदा मी एकटीच गेले होते." आणि मी फोन ठेवायच्या आत, "परत जाणार असशील तर माझंही तिकीट काढ."