मास्तरांनी पट्टा उसवला

आमच्या मास्तरांची कंबर दुखायला लागली आणि पाठोपाठ माझं डोकं दुखायला लागलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. ते कोट-पँटी बेततात, मी मशीनवर शिवते, आणि तोंडं दोघांचीही दिवसभर चालू असतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, यांचं भांडण जुंपलंय. जुन्या गिऱ्हाइकाला माहीत असतं, हे गप्प बसले की काहीतरी बिनसलंय.

तर कंबर. सकाळी पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळणार, मग एक ‘आई गं’. पाय खाली सोडले की दुसरं ‘आई गं’. सासूबाई असत्या तर धन्य झाल्या असत्या, त्यांच्या हयातीत लेकाने कधी इतकी आठवण काढली नव्हती. दुकानात तर कापड बेतून सरळ व्हायला इतका वेळ घ्यायचे, की तेवढ्यात गिऱ्हाइकाचा विचार बदलून ते दुसरा रंग मागायचं.

शेवटी मी त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, मोडलंबिडलं काही नाही, पण वर्षानुवर्षं वाकून काम केल्याने कंबर पार थकली आहे. काम करताना पट्टा लावा, व्यायाम करा. आणि हे असंच चालू राहिलं तर कटिंग सोडावं लागेल, हेही त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं.

घरी येईपर्यंत मास्तरांनी ब्र काढला नाही. ज्या माणसाला रस्त्यात दिसलेल्या प्रत्येकाच्या कोटाचा खांदा चुकलेला दिसतो आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो माणूस मान खाली घालून चालत होता. दाराशी आल्यावर म्हणाले, “कात्री सुटली तर माझ्यात उरलं काय?” मी त्यांना झापलं, भलतंसलतं बोलू नका म्हणून. पण हे काम गेलं तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाळून जाईल, हे मला दिसत होतं.

पट्टा आमच्या लेकीने आणला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, सुट्टी काढून आली, पट्टा बापाच्या हातात ठेवला आणि दम देऊन परत गेली. चांगला रुंद, करड्या रंगाचा पट्टा. मागच्या बाजूला आतून ताठ पट्ट्या घातलेल्या आणि पुढे घट्ट चिकटवायची सोय. मास्तरांनी तो उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्या शिंप्याने शिवलेला कोट कोणी दुरुस्तीला आणला की यांचं तोंड जसं होतं, तसंच झालं. शिवण वाकडी, कडा जाड, मापाचा पत्ता नाही. मी म्हटलं, हा पट्टा आहे, तुम्हाला काही पार्टीला जायचं नाही.

एक दिवस लावला. शर्ट मागून फुगला. तेवढ्यात एक मेलं गिऱ्हाईक हसत विचारतंय, मास्तर, तब्येत सुधारली वाटतं. झालं! शिंप्याच्याच अंगावर शर्ट नीट बसत नाही म्हटल्यावर लोक कापड टाकतील का, असं म्हणून यांनी दुसऱ्या दिवशीही कुरकुर केली, तिसऱ्या दिवशीही केली. मग एकदम बंद झाली. पट्टा रोज न सांगता लावायला लागले, आणि नवल म्हणजे शर्टही सपाट. मला वाटलं, चला, सवय झाली. लेकीला फोन करून सांगितलं की तुझा बाप सुधारला. पण ‘आई गं’ काही कमी होईना. उलट आता बाहीचा मुंडा हातशिलाईला घेतानाही ऐकू यायला लागलं. मी आपली मनाला समजावत होते, गुण यायला वेळ लागतो.

मग एका सुट्टीच्या दिवशी पट्टा धुवायला घेतला. बादलीतून वर काढला तर हातात फडक्यासारखा लोंबला. म्हटलं हे काय, पाण्यात विरघळला की काय? उलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. आतली सगळी शिवण मास्तरांच्या हातची होती. त्यांचा टाका मी अंधारात बोट फिरवून ओळखीन. गड्याने अख्खा पट्टा उसवला होता. ताठ पट्ट्या काढून टाकल्या, आतला जाड थर छाटला, कंबरेला बाक दिला आणि वर कोटाचं उरलेलं रेशमी अस्तर लावून पुन्हा शिवला होता. खोटं कशाला बोलू, काम इतकं देखणं होतं की कौतुक करावं की तोच पट्टा त्यांच्या पाठीत घालावा, मला कळेना.

मी विचारलं, पट्ट्या कुठे आहेत? तर म्हणे, टोचत होत्या. अहो, टोचून सरळ ठेवणं हाच त्यांचा उद्योग! दुकानाचा खण उघडला तर त्या तिथे निघाल्या. खिशाच्या खुणा सरळ मारायला बऱ्या पडतात म्हणून ठेवल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी आम्ही खरोखरच भांडलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना आणि त्या पट्ट्याला घेऊन मी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. बाई कसली, आमच्या लेकीच्या वयाची पोर. तिने पट्टा हातात घेतला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा कुठल्या कंपनीचा? मास्तर ताठ बसून म्हणाले, आमच्या. ती हसायला लागली ती थांबेना. मग डोळे पुसून तिने दुसरा पट्टा काढला, कुठे बसवायचा, किती आवळायचा ते दाखवलं. कामापुरता लावायचा, दिवसरात्र लावून ठेवला तर कंबर आळशी होते, आणि व्यायामाला सुट्टी नाही. या पट्ट्याला कात्री लावायची नाही हे तिने दोनदा सांगितलं.

सगळं आटपलं असं वाटत होतं, तेवढ्यात तिने विचारलं, तुमचं कटिंगचं टेबल केवढं उंच आहे? मास्तरांना एकदम भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रात गोडी वाटायला लागली. तिच्याकडे पेशंटला झोपवायचं टेबल होतं, दांडा दाबला की खालीवर होणारं. ती म्हणाली, तुमच्या टेबलाइतकं झालं की सांगा. ती खाली घेत गेली, मी म्हटलं अजून, ती थांबली, मी म्हटलं अजून. मग मास्तर त्यावर वाकून उभे राहिले, रोज राहतात तसे. पोरीचं हसू कुठल्या कुठे गेलं. म्हणाली, इतकं वाकल्यावर पट्टा बिचारा काय करणार? टेबल उंच करा, नाहीतर डॉक्टर म्हणाले तेच होईल.

मी तिच्याशेजारी उभी होते. टेबल माझ्या कोपराच्या जरा खाली आलं होतं, अगदी हवं तिथे. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुकानात आल्या आल्या मी म्हटलं, सुताराला बोलावते. हे म्हणाले, नको. जमीन सपाट नाही, ठोकळे लावले तर डगमगेल. बरं, पाय बदलू. नको, उजेड नीट पडणार नाही. बरं, दिवा वर घेऊ. नको. मी तर हातच जोडले. कात्री सुटेल म्हणून रात्ररात्र जागणारा हा माणूस, आणि टेबल हलवायला तयार नाही? त्याच्याखाली काय धन पुरलंय का, असं मी चांगली ओरडून विचारलं.

ते खडूने रेघ मारत होते. मारायचे थांबले.

“टेबल तुझं आहे,” म्हणाले. “उंच केलं तर तुझा हात पोचायचा नाही.”

मी गप्प झाले. मी गप्प झाले म्हणजे काय झालं असेल ते बघा.

दुकान काढलं तेव्हा कात्री माझ्या हातात होती. बेतणं मी माझ्या वडिलांकडून शिकून आले होते, मास्तर मशीनवर बसायचे. सुताराने टेबलाचं माप घेतलं ते माझ्या कोपरावरून. मग लेक झाली. मशीन कुठेही थांबवता येतं, मूल रडलं की उठता येतं. कापडात अर्ध्यावर गेलेली कात्री सोडून उठता येत नाही. म्हणून आम्ही जागा बदलल्या, पोरगी जरा मोठी होईपर्यंत. पोरगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, आणि मी मशीनवरच राहिले. विसरले नव्हते मी. कितीदा तरी भारी कापड आलं की हात शिवशिवायचे. पण वाटायचं, आता नाव त्यांचं झालंय, जीव रमलाय, कशाला मागायचं?

“मग हाक मारायची होती,” मी म्हटलं.

“मला वाटलं, तुला मशीनच बरं वाटतं. पण म्हटलं, कधी मनात आलं तर टेबल तयार असू दे.”

मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. जी गोष्ट जाईल म्हणून हा माणूस धास्तावला होता, तीच त्याने माझ्यापायी पणाला लावली होती, आणि वर एक शब्द बोलला नव्हता. मी त्यांना वेड्यात काढलं, तोंडाला येईल ते बोलले, आणि मग गिऱ्हाइकांना बसायचा सोफा दुकानाबाहेर ओढायला लागले. त्यांना कळेना मी काय करतेय. म्हटलं, हात लावू नका, कंबर सांभाळा. इथे दुसरं टेबल येणार. तुमच्या मापाचं. हे माझं आहे ना, मग इथे मी कापणार.

सुतार संध्याकाळी आला. उंची किती ठेवू, त्याने विचारलं. मी गळ्यातला टेप काढला आणि मास्तरांसमोर उभी राहिले.

“सरळ उभे राहा,” मी म्हटलं. “अजून. पूर्ण सरळ.”

नवा पट्टा बांधलेले मास्तर हळूहळू सरळ झाले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला मला मान वर करावी लागली. इतकी वर्षं त्यांना वाकलेलंच बघत आले होते. माझा नवरा एवढा उंच आहे, हे मी साफ विसरून गेले होते.

सुतार पेन्सिल धरून थांबला होता. किती, त्याने पुन्हा विचारलं. टेपवरचा आकडा मला काही दिसेना.

“पुन्हा घेते,” मी म्हटलं. “हलू नका.”