चिंचेखालचा कागद

केवळाबाईच्या कुरुड्यांना देगलूरपर्यंत नाव होतं. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्यानं पाडायचा. त्यात दुसऱ्या कुणाचा हात तिला खपायचा नाही. यंदा सून उज्वला सातव्या महिन्यात, आणि तिला डोहाळे कशाचे, तर अर्धवट वाळलेल्या मऊ कुरुडीचे. मग काय, सासूला जोरच चढला.

नेमका कुरुड्या वाळत घालायचा जुना कागद फाटलेला. पण कुंपणाला एक जाड पांढरा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानं येऊन अडकला होता. कुणाचा, ते तिला ठाऊक होतं. नांदेडहून आलेली शिल्पा नावाची पोरगी मागच्या चिंचेवरल्या वाघळांच्या पाठी लागली होती. तोंडाला पट्टी, हातात मोजे. पहाटे झाडाखाली कागद अंथरायची आणि वरून पडलेले थेंब नळीत भरायची.

"वाघळाचं मूत गोळा कराया पगार मिळतो व्हय गं? अन् आमी जन्मभर शेण उचललं ते फुकट!" असं केवळाबाईनं तिला तोंडावर ऐकवलं होतं.

एवढ्या कागदांतला एक गेला तर काय बिघडलं? दोन बादल्या पाणी मारलं, पदरानं पुसला, माळवदावर उन्हात अंथरून वर कुरुड्या घातल्या. दुपारी उज्वलानं चांगल्या दहा-बारा खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिल्पा दारात.

"मावशी, आमचा एक कागद उडालाय. कुणी घेतला असेल तर सांगा. या वटवाघळांत कधी कधी निपा नावाचा विषाणू असतो. माणसात आला तर ताप थेट मेंदूत जातो. इथल्या वाघळांत आहे की नाही, तेच तपासतोय. पण त्या कागदाला हात लागलेलं माणूस मला कळायला हवं."

"आमी काय चोर हाव? तुजा कागद तुला सांभाळता येईना, अन् माज्या दारात इच्यारतीस!"

पोरगी ओशाळून गेली. केवळाबाईनं कडी लावली, माळवदावरून कुरुड्या गोळा केल्या आणि कागदासकट चुलीत घातल्या. हात तीनदा साबणानं धुतले. झालं, मिटलं, असं स्वतःला बजावलं.

दुपारी उज्वला आडवी झाली. "आत्याबाई, अंग मोडून आलंय."

कपाळाला हात लावला तर चटका.

"उन्हाचं हाय ते," म्हणत तिनं कांदा फोडून सुनेच्या तळपायाला चोळला. ताप हलेना. दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली, दोनदा परतली. सांगावं तर गाव म्हणणार, केवळाबाईनं पोटुशी सुनेला वाघळाच्या मुतातल्या कुरुड्या चारल्या. मेल्यावरही हे नाव पुसायचं नाही. आणि न सांगावं तर? पुढचा विचार तिच्यानं धरवेना.

"डोकं लई ठणकून राहिलंय, आत्याबाई. दार लावा, उजेड सोसंना."

दार लावायला उठलेली बाई तशीच बाहेर पडली. अनवाणी, तापल्या फुफाट्यातून, चिंचेपर्यंत.

"कागद मी घेतला. सुनेनं त्यावरचं खाल्लं. तापलीय."

शिल्पाच्या हातातली नळी थांबली. "कधी खाल्लं?"

"परवा दुपारी."

"इतक्या लवकर सहसा ताप येत नाही. दुसरं काही असू शकतं. पण मी शब्द देणार नाही. कागद कुठंय?"

"जाळला. सकाळी. तू गेल्यावर."

"मावशी, तपासायला तोच हवा होता हो," एवढंच म्हणून शिल्पानं फोन लावला. "नांदेडला न्यावं लागेल. तुम्हीही चला, तुमचेही हात लागलेत."

गाडी आली. उज्वलाला मागं एका कडेला बसवलं, सासूला दुसऱ्या. दोघींच्या तोंडाला पट्ट्या. गाव मागं पडलं तशी पुढं बसलेल्या शिल्पानं दवाखान्याला फोन करून सगळं सांगितलं. कागद सकाळीच जाळल्याचं उज्वलानं ऐकलं.

"आत्याबाई, तुमाला सकाळीच ठावं होतं?"

उन्हाचं, नशिबाचं, त्या पोरीचं, केवळाबाईला कुणाचंही नाव घेता आलं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "सकाळपासनं."

उज्वलानं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. नांदेड अजून दोन तास होतं.